उसनी गोळी

युसूफ वडगावात सुंदररावांच्या घरातून कोणी रिकाम्या हातानं परत जात नाही, असं लोक म्हणत. ते खरं करून दाखवायचं काम त्यांच्या बायकोकडे, छबुबाईंकडे होतं. सुंदरराव बैठकीत बसून शब्द देत. छबुबाई आतून साखर देत, विरजण देत, कुणाच्या पोरीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला स्वतःची पैठणी देत. मागणारी पदराखाली वाटी झाकून यायची आणि 'उसनं' म्हणायची. उसनं परत आलं तर आलं. तेजश्री सून म्हणून या घरात आली तेव्हा सासूनं तिला सगळ्यात आधी शिकवलं ते हेच. "या घरात 'न्हाई' म्हणायचं न्हाई. नसलं तर 'आणून ठेवते' म्हणायचं."

त्याच छबुबाईंनी भरल्या बैठकीत 'न्हाई' म्हटलं. तेही तेजश्री सरपंचपदाला उभी असताना.

आदल्या वर्षी छबुबाईंना नागीण झाली होती. डाव्या बरगडीखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. शेजारणींनी गेरू लावला, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका म्हणून बजावलं. फोड वाळले, पण आग राहिली. पदर घासला तरी त्या दचकायच्या. कधी न कण्हणारी बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसली, तेव्हा तेजश्रीनं त्यांना अंबाजोगाईला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल दिली. पाकिटावरचं नाव तेजश्रीनं वाचून दाखवलं, प्रेगाबालिन. "नसांच्या दुखण्याची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हीच कुणाला फेफऱ्यासाठी देतात, कुणाला जीव फार घाबरा होतो त्यासाठी. झोप येईल, चक्कर येईल, म्हणून थोड्यापासून सुरू करू. मनानं वाढवायची नाही, मनानं सोडायची नाही आणि दुसऱ्याला द्यायची नाही."

छबुबाईंनी यातलं काही ऐकलं, काही कानाआड केलं. आग निवली तशी त्यांनी गोळी एकदम बंद करून टाकली. मग घाम, धडधड, डोळ्याला डोळा नाही. पुन्हा अंबाजोगाई. ही सोडायची तीसुद्धा हळूहळू, डॉक्टर सांगतील तशी, हे त्यांना तेव्हा पटलं.

दुसरी चूक शेजारच्या मोहिनीच्या कपाळावर उमटली. मोहिनीचे पाय रात्री जळायचे. तिनं एक गोळी उसनी मागितली आणि छबुबाईंनी सवयीनं दिली. सकाळी मोहिनी धुण्याच्या दगडावर चक्कर येऊन पडली, भुवई फुटली. पुढच्या खेपेला छबुबाईंनी हे स्वतःच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि मोहिनीला सोबत नेलं. तपासणीत तिची किडनी अशक्त निघाली. छबुबाईंना चालणारी गोळी तिच्या अंगात साचून राहिली होती. परत येताना त्या गाडीत एवढंच म्हणाल्या, "तेजश्री, साखर येगळी आन् हे येगळं."

त्यानंतर निवडणूक आली. बैठकीत सकाळ-संध्याकाळ माणसं, चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं. एका संध्याकाळी बिभीषण आला. तो भावकीतलाच. खालची अख्खी गल्ली त्याच्या शब्दावर चालायची, आणि त्या गल्लीशिवाय तेजश्रीचं जमणार नव्हतं, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बिभीषण कंबरेवर हात ठेवून वाकडाच चालत आला.

"काकू, कंबरंतून पायात लई कळ मारतीय. ती तुमची नागिणीची गोळी भारी हाय म्हणं. दोन द्या उसन्या."

सुंदररावांनी आत आवाज दिला. "ऐकलं का, दे गं त्याला. दोन गोळ्यांनी काय घर बसतंय आपलं?"

छबुबाई दारात आल्या. बिभीषणच्या जवळ जाऊन उभ्या राहिल्या. "पिऊन आलास न्हवं?"

"थोडी. कळ दबावी म्हणून."

"मग न्हाई."

बैठकीत कुणीतरी उगाच खोकलं. बिभीषण हसला. "काकू, मी काय पोतंभर ज्वारी मागाया आलोय का?"

"ज्वारी माग, आत्ता देते. ही न्हाई. दारूवर ही घेतली तर श्वास मंदावतो माणसाचा. झोपलास आन् उठलाच न्हाईस, तर तुझ्या मायला काय सांगू? आन् पेलेला नसतास तरी दिली नसती."

"बरं," बिभीषण चपला शोधत म्हणाला. "मतं मागाया या मग."

रात्री जेवताना सुंदरराव म्हणाले, "एक गल्ली घालवलीस."

"गल्ली कुठं जातीय, हाय तिथंच हाय," छबुबाई भाकरी वाढत म्हणाल्या. "उद्या आमीच जाऊ तिथं."

दुसऱ्या दिवशी तेजश्री सासूसोबत खालच्या गल्लीत शिरली. बिभीषणची आई वनमाला उंबऱ्यावरच बसली होती. "या, या. एक गोळी देता येईना, आन् मत पाहिजे व्हय?"

"मत मागाया ही आलीय," छबुबाई सुनेकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी तुझ्या लेकाला न्यायला आलेय. आमचा पोरगा अमरसिंह गाडी घेऊन थांबलाय. ऊठ रे बिभीषण, आंघोळ कर. आज थेंबभर पेलास तर गाडीतनं खाली उतरवीन."

वनमाला उंबऱ्यावरून बाजूला सरली. बिभीषण मुकाट्यानं उठला. कळच तशी होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याला उताणं निजवून पाय उचलून बघितला, दारूचं विचारलं, किडनीची तपासणी करून घेतली. कमरेत नस दबली होती. व्यायाम सांगितले आणि थोड्या ताकदीची कॅप्सूल दिली. दारू पूर्ण बंद, आणि गोळीनं गुंगी येते का ते कळेपर्यंत ट्रॅक्टर दुसऱ्यानं चालवायचा. बिभीषणनं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं.

"ही तर तीच! मग काल कावून न्हाई दिली काकू?"

"काल तुझ्या पोटात काय होतं, किडनी कशी हाय, किती गोळी सोसंल, मला काय म्हाईत? ती माझ्या नावाची होती. ही तुझ्या नावाची हाय."

पण गावात गोष्ट निम्मीच पोचली. विरोधी पॅनलच्या रिक्षावरचा भोंगा दुसऱ्याच दिवशी ओरडू लागला, "ज्या घरातून एक गोळी सुटत नाही, ते घर गावाला काय देणार?" सुंदरराव म्हणाले, चौकातल्या सभेत आपण सारवासारव करू. पण सभेत तेजश्रीनं त्यांच्याकडून माईक मागून घेतला. तिनं भाषण पाठ केलं होतं, ते तिला आठवेना.

"होय, सुटत नाही," ती म्हणाली. "आमच्या आत्याबाई मागाल ते देतील, पण औषध उसनं देणार नाहीत. दवाखान्यात मात्र सोबत येतील. मी निवडून आले तर मीही हेच करीन."

बायकांच्या घोळक्यातून मोहिनी उठली, पदर मागं सारून तिनं भुवई दाखवली. "ही बघा उसनी गोळी!" चौक हसला. छबुबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं, "बस गं भवाने." पण त्यांची मान ताठ होती, आणि ती बघून तेजश्रीला पुढचं भाषण आपोआप सुचलं.

मतमोजणी केजला होती. तेजश्री थोडक्यात निवडून आली. खालच्या गल्लीनं कुणाला दिलं, यावर गावात अजून पैजा लागतात. कपाळावर गुलाल, कानात ताशा, अशी ती गर्दीतून बाजूला झाली आणि तिनं आधी सासूला फोन लावला. छबुबाई केजला आल्याच नव्हत्या. बिभीषणला पुन्हा दाखवायचा दिवस तोच होता.

"आत्याबाई, आले मी निवडून!"

पलीकडून दवाखान्यातला गलका ऐकू आला, मग त्यांचा आवाज.

"लई झ्याक झालं, माझे बाई. सगळ्यांना पेढे दे. आता ठेव, बिभीषणचा नंबर आलाय."