सुनंदाताईंचा मॉनिटर मी सरळ केला

मंडळी, आज दुकानात माझ्या हुशारीची जिरली.

सकाळी खोपोलीच्या सुनंदाताई चौक गावात माझ्या रिपेरिंगच्या दुकानात आल्या, सोबत ऐंशीच्या दशकातला हिरव्या अक्षरांचा मॉनिटर. कारखान्याच्या ऑफिसात त्या यावरच काम करायच्या. कारखाना बंद पडल्यावर भंगारातून सोडवून घरी आणलेला. आता पडदा काळाठिक्कर.

कंडेन्सर बदलला, माझ्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला, अक्षरं उमटली. पण ओळी तिरक्या! हे म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ. मागून पडदा दिसावा म्हणून समोर आरसा ठेवला, एक हात खिशात घातला, कारण आत करंट जबर असतो, दोन्ही हात लागले तर छातीतून जातो, आणि दुसऱ्या हाताने चित्र फिरवणारी मागची कॉइल स्क्रू सैल करून फिरवली. ओळी एकदम सरळ.

ताईंचा चेहराच उतरला. "भाऊ, हे काय केलंत? आमच्या ऑफिसात फरशीला उतार होता. टेबल सरळ बसायचं नाय, म्हणून यांनी माझ्यासाठी चित्रच फिरवलं होतं."

हे म्हणजे त्यांचे मिस्टर, तिथलेच इलेक्ट्रिशियन. मागच्या वर्षी गेले.

मी कॉइलचा स्क्रू परत सैल केला आणि ताई "बास" म्हणेपर्यंत कॉइल उलटी फिरवली.

आज पहिल्यांदाच चांगली वस्तू वाकडी करून दिली, आणि गिऱ्हाईक हसत घरी गेलं.

तुमच्या घरात असं काय आहे, ज्याला माझ्यासारख्याने हात लावू नये?