मोटारीतला रेडिओ

त्याचं नाव आम्ही कुणी विचारलंच नाही. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. काकांनी मोटारीत रेडिओ बसवला होता, पण इंजिन सुरू झालं की नुसती खरखर ऐकू यायची. म्हणून पलटणीत वायरलेसवर काम केलेला हा माणूस आमच्या शाहूपुरीतल्या अंगणात आला. दातांनी वायर सोलत, गुणगुणत तो दिवसभर खपला. संध्याकाळी गाणं स्वच्छ लागलं, तसा तो हसून क्षणभर सीटवर टेकला.

"ऊठ!" काका ओरडले आणि त्याच्यादेखत ओल्या फडक्यानं सीट पुसू लागले. तो गावकुसाबाहेरचा, हे त्यांना बोलावतानाच ठाऊक होतं.

हत्यारं गोळा करत तो म्हणाला, "मालक, माझा हात चालला, आन् अंग चालत न्हाय व्हय?"

काकांनी रेडिओचा आवाज तेवढा वाढवला.