म्हसोबाच्या चढावर उतरायचं

रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाच्या कोटातून कोळशाची भुकटी कधी संपत नाही. कितीही झटका, थोडी निघतेच. किस्स्यांचंही तसंच आहे बघा. परवा मित्रांत बसून एक सांगितला, तर घरी पोचेपर्यंत आणखी चार आठवले! म्हटलं, एकदा सगळे सांगून मोकळं व्हावं.

मी मूळचा तामलवाडीचा. निजामाच्या राज्यात मोठ्या लाइनीवरच्या जंक्शनपासून पिंपळदऱ्यापर्यंत एक छोटी लाइन होती. त्या पिंपळदऱ्याच्या स्टेशनात मी तिकीटबाबू. गाडी लहान, डबे लहान, इंजिन म्हातारं; पण येताना रुबाब असा, की कामं टाकून लोक बघत राहायचे!

इंजिन हुसेनचाचांचं. म्हणजे सरकारी कागदावर ते कुणाचं का असेना, आमच्या लेखी चाचांचंच. याच इंजिनावर त्यांनी आधी कोळसा टाकला आणि याच इंजिनावर ते ड्रायव्हर झाले. "चाचा, मोठ्या लाइनीवर का जात नाही? पगार वाढेल," मी एकदा विचारलं.

"नक्को बाबूजी," चाचा म्हणाले. "वहाँ का इंजिन मेरेकू पहचानता नै."

*

रुजू व्हायला मी याच गाडीनं निघालो होतो. वाटेत म्हसोबाचा चढ लागला; जाता-येता दोन्हीकडून चढच. गाडी हळू झाली आणि चालत्या गाडीतून माणसं पटापट उड्या मारायला लागली! मला वाटलं, आग लागली.

"अहो, उतरू नका! गाडी चालू आहे!" मी दारात उभा राहून ओरडलो.

खालून एक जण धोतर सावरत म्हणाला, "बाबूजी, तुमी बी उतरा. इंजनाला वझं व्हतंय."

ती तिथली रीतच होती. चढ आला की धडधाकट माणसांनी उतरायचं आणि गाडीबरोबर चालायचं. म्हातारीकोतारी आणि लेकुरवाळ्या बायका आत बसणार. माथ्यावर चाचा गाडी थांबवून लांब शिट्टी देणार, मग सगळ्यांनी परत चढायचं. काय करतो! नोकरीच्या पहिल्याच दिवशी मीही म्हसोबाला हात जोडून खाली उतरलो.

*

ही रीत एकदा शिवलिंगअप्पांनी मोडली. अप्पा म्हणजे पेठेतले आडत दुकानदार. घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि अंगानं भरभक्कम.

"म्या न्हाय उतरत," अप्पा मांडी ठोकून म्हणाले. "तिकीट काढलंय. चालायचंच असतं तर घरनंच चालत आलो नसतो का?"

गाडी निम्म्यापर्यंत गेली, फुसफुसली आणि अप्पांना घेऊन सावकाश मागं घसरत पायथ्याला आली. चालणारे सगळे वर पोचलेले, म्हाताऱ्या-लेकुरवाळ्यांत अप्पा एकटे खाली! वरून सारं गाव त्यांच्याकडं बघतंय. "अय्यो शिवा!" म्हणत अप्पा उतरले आणि गाडी सरसर चढून गेली.

त्यानंतर चढ आला की पहिली उडी अप्पांची! उलट तेच बाकीच्यांवर डाफरायचे, "उतरा की लवकर, इंजनाचा जीव घेता का?"

*

एकदा तर कमालच झाली. पिंपळदऱ्यात लग्न होतं आणि नवरदेवच गाडीत अडकलेला. कोळसा ओला, गाडीला जोर नाही, मुहूर्त तोंडावर आलेला. मुलीकडची माणसं मांडव सोडून स्टेशनात! आमचे स्टेशनमास्तर वामनराव छपरावर चढून धूर बघतायत. "म्हसोबा सोडला!" "ओढा सोडला!" वामनराव वरून ओरडणार, माणसं तो निरोप घेऊन मांडवात पळणार आणि भटजी गौरीहराची पूजा लांबवणार.

शेवटी गाडी आली. डब्यात वऱ्हाड होतं, पण नवरदेव नव्हता! मुलीच्या बापाचं तोंड पांढरं पडलं. तेवढ्यात इंजिनातून बाशिंग हातात धरून एक काळाकुट्ट माणूस उतरला. मुहूर्त गाठायचा म्हणून पठ्ठ्या चढापासून स्वतः भट्टीत कोळसा टाकत आला होता!

त्याला तसाच बोहल्यावर उभा केला. अंतरपाट दूर झाला आणि नवरीची आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "का वं, सोयरीक करताना पोरगं गोरं म्हून सांगिटलं व्हतं न्हवं?"

*

मग लढाई सुरू झाली. आधी कोळसा कमी झाला, मग फेऱ्या कमी झाल्या, मग डबे. आणि एक दिवस बातमी आली, की लढाईला लोखंड पाहिजे म्हणून लहान लाइनी उपटणार! चाचांचा चेहरा उतरला. "बाबूजी, मेरेकू दुसरा काम आता नै," ते मला हळूच म्हणाले.

पण एक आशा होती. हैदराबादेहून एक बडा साहेब येऊन बघणार होता, की या गाडीला उतारू आहेत की नाहीत. झालं! अप्पांनी पेठ बंद ठेवली. सोनारीच्या भैरवनाथाच्या जत्रेला जायचं असल्यासारखं सारं गाव नवी कापडं घालून स्टेशनात. बायका आल्या, गडी आले, ज्याचं जंक्शनला काही काम नव्हतं तोही आला. गाडीत मुंगीला शिरायला जागा नाही! साहेब खूश, वामनराव खूश, आणि चाचांनी तर इंजिनाला हार घातलेला. गाडी सुटली, वामनरावांना शेजारी घेऊन साहेब डब्यात ठेवलेल्या खुर्चीत रेलले आणि वाऱ्यानं त्यांचा डोळा लागला.

म्हसोबाचा चढ आला.

आता काय सांगू तुम्हाला! पहिली उडी अप्पांची. त्यांच्यामागं सगळं गाव. कुणी विचार केला नाही, कुणी कुणाला थांबवलं नाही; सवयच ती! धक्क्यानं साहेब जागे झाले आणि बघतात तो डबे रिकामे. दोन-चार म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या तेवढ्या आत.

"लोग कहाँ गए?" साहेब ओरडले.

वामनरावांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "हुजूर, ये सब अपनेच पॅसेंजर हैं."

"तो फिर गाडी में क्यों नहीं हैं?"

खिडकीजवळून रानातली गोदाक्का चालली होती. साठीची बाई, पण चढाला कधी बसून राहिली नाही. तिनं साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "सायेब, तुमी बी उतरा की! तब्येतीनं जड हाव तुमी!"

आणि साहेब उतरले हो! चढभर सगळ्यांशी गप्पा मारत चालले, गोदाक्काकडचे हुरड्याचे दाणे खाल्ले, माथ्यावर शिट्टी झाली तेव्हा हसत हसत परत बसले. आम्हाला वाटलं, जिंकलो!

महिनाभरात लाइन बंद करायचा हुकूम आला.

*

शेवटच्या फेरीला पुन्हा सारं गाव गाडीत होतं. चढ आला. सवयीनं माणसं उठली, तर अप्पा दारात आडवे उभे.

"आज कुनीबी उतरायचं न्हाय," अप्पा म्हणाले. "गाडी मागं घसरू द्या. आज घाई कुनाला हाय?"

सगळे परत खाली बसले. गाडी निम्म्यापर्यंत जायची आणि हळूहळू मागं यायची. पुन्हा जायची, पुन्हा यायची. पोरं टाळ्या पिटत होती, बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि चाचा दर खेपेला नव्यानं वाफ धरत होते. सारी दुपार गाडी म्हसोबापाशी अशी खेळत राहिली. मी नोकरीत इतका आनंद आणि इतकं दुःख एका जागी परत पाहिलं नाही.

*

रूळ गेले, इंजिन गेलं, आणि चाचा घरात बसले. दारात खाट टाकून जुन्या लाइनीकडं पाठ करून बसायचे. कुणी बोलावलं तरी यायचे नाहीत. "बुढा अब उठेगा नै," त्यांची बायको रडत म्हणायची. अप्पा रोज जाऊन बसायचे, पण चाचा तोंडही वळवायचे नाहीत.

मग त्याच वाटेवर मोटार सुरू झाली. पहिल्या दिवशी अप्पांनी चाचांना अक्षरशः उचलून आणलं आणि ड्रायव्हरशेजारी बसवलं. मागं अप्पा, मी, गोदाक्का आणि अर्धी पेठ.

म्हसोबाचा चढ आला. मोटार नवीकोरी, काही अडचण नाही. तरी ड्रायव्हरनं गिअर बदलायला वेग कमी केला आणि मागून धपाधप उड्या पडल्या! पहिले अप्पा. मग मी. गोदाक्का तर माझ्याआधी.

"अरे, ये क्या हो रहा है?" ड्रायव्हर घाबरून ओरडला. चाचा एकटेच आत बसून होते. चढाला ते आजवर कधी उतरलेच नव्हते. रिकामी मोटार माथ्यावर पोचली आणि ड्रायव्हर तशीच पुढं काढणार, तोच चाचांनी त्याचा हात धरला.

"रुक, मियाँ! शिट्टी दे. लोकांना कळंल कसं, बसायचं म्हून?"

ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं भोंगा दाबला. पों! पों!

आम्ही धापा टाकत पळत आलो, तेव्हा चाचा डोळे मिटून तो आवाज ऐकत होते.

"स्टीम कम है," ते म्हणाले. "मगर चलेगा. चढू दे सबकू."