शकूच्या वेणीतला शिंगवाला भुंगा

मैत्रिणींनो, अजून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लगेच सांगते.

उद्या माझ्या धाकट्या बहिणीचं, शकूचं लग्न. संध्याकाळी हळद लागली आणि मांडवात गॅसबत्ती पेटवली. उजेडाला भुलून डोंगराकडून अंगठ्याएवढा शिंगवाला भुंगा आला, तो थेट शकूच्या वेणीत शिरला.

जसजसं ओढावं, तसतसा तो पायांचे आकडे जास्तच रुतवत होता आणि सापासारखा फुसफुसत होता. काकू ओरडल्या, "कातर आना, येनी कापी टाका!"

"नको वं काकू!" शकू रडायलाच लागली.

मी काकूंचा हात धरला. हे भुंगे गोड रसावर जगतात, एवढंच आठवलं. पिकलेलं केळं सोलून वेणीला टेकवलं आणि वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने त्याने एकेक पाय सोडवला, तो केळ्यावर चढला आणि निवांत रस चाटू लागला.

मांडवातल्या सगळ्या बायका हसल्या. शकू मात्र माझ्या कानाशी पुटपुटली, "ताई, सासरले मन्हासाठे कोनी इतकं थांबी का वं?"

मी तिची विस्कटलेली वेणी पुन्हा घालायला घेतली. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?