कापसातल्या चपला

दारात चपलांची रांग दिसली की पाचोऱ्याजवळच्या आमच्या खेड्यातला एक रविवार आठवतो बघा. येशूची प्रार्थना तेव्हा आमच्याच घरी व्हायची, घरात भरलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून दहा-बारा माणसं बसायची. "पुन्हा जमलात तर हातपाय मोडू," असं गावातले काहीजण आदल्या आठवड्यातच सांगून गेलेले. म्हणून मी गुपचूप सगळ्यांच्या चपला उचलल्या आणि कापसात खुपसल्या. तेवढ्यात बाहेर मोटारसायकली थांबल्या. सासूबाईंनी पाहिलं. "अवं, कापूसमा चपला? येडी शे का तू? आपुन काय चोर शेतस?" म्हणत त्यांनी त्या ओढून काढल्या, झटकल्या आणि बाहेर नीट मांडल्या. मोटारसायकलवरचा एकजण घराच्या आत बोट दाखवत गुरकावला, "म्हातारे, मझार कितला लोके शेतस?" त्या म्हणाल्या, "चपला मोजी ले. नही ते तुनी बी काढ अन् ये मझार." त्यानं लाथेनं सगळ्या चपला गटारात उडवल्या, दारावर दगड हाणला, आणि ते गेले. तोवर मी सासरची रीत म्हणून बसायचे. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून प्रभूला हाक मारली. भीती आजही वाटते, खोटं कशाला सांगू? प्रार्थना म्हणताना आवाज कापतो, पण तो मी खाली घेत नाही.