पुढच्याला नुसत्या गोळ्या

पितळेत जस्त असतं हे मला माहीत होतं. कुंभकोणमच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान होतं, तेव्हा एवढं तरी माहीत असायलाच हवं. पण जस्त माणसाच्या पोटातही घालतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या मेव्हण्यांकडून.

मेव्हणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. डॉक्टर होते. तळ्याजवळच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. पन्नासचं दशक उताराला लागलं होतं आणि गावात फ्लूची साथ आली होती. घराघरातून खोकला ऐकू येई. देवळातल्या नादस्वरवाल्यालासुद्धा फुंकायला दम उरला नव्हता. ह्या तापावर नेमकं औषध नाही, हे डॉक्टर उघड सांगत. "गोळ्या ताप उतरवतात, घालवत नाहीत. तो आपला आपण जातो." पण त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला होता. तापात माणूस आतून रिता होतो, तेव्हा गोळ्यांच्या जोडीला जस्त, लोह, चुना असल्या क्षारांची पुडी दिली तर तो लवकर उठेल काय? त्यांना वाटत होतं उठेल. पण वाटणं वेगळं आणि कळणं वेगळं, म्हणून त्यांनी पारखून बघायचं ठरवलं. रांगेत येतील तसं एकाला गोळ्या आणि पुडी, पुढच्याला नुसत्या गोळ्या. ओळख नाही, वशिला नाही. साथ सरली की कोण कसं उठलं ते बघायचं.

आमचं घर माझ्या विधवा आत्याच्या हुकमावर चाले. तिला हे मुळीच पटलं नाही. "जन्मभर पितळेतलं जेवलो. आणखी किती जस्त हवंय रे त्याला?"

डॉक्टरांना खरी अडचण आली ती गावाच्या सवयीची. पुडी एकाने आणायची आणि तीर्थासारखी घरभर वाटायची! एका घरात तर ती साराच्या भांड्यात ढवळून सगळ्यांना वाढली, आणि वर येऊन सांगितलं, "डॉक्टर, साराला चव आली." त्यांनी कपाळाला हात लावला. "ज्याची पुडी त्यानेच घ्या हो! नाहीतर मला कळणार काय, कप्पाळ?"

आमच्या घरात तापाचा पहिला मान माझा. रांगेत माझा नंबर पुडीचा लागला. घरी येऊन मी पडलो आणि कण्हू लागलो. त्या कलेत माझा हात धरणारा आमच्या अख्ख्या वीथीत, म्हणजे गल्लीत, नव्हता. जेवायला बसवलं की दोन घास खाई, बाकीचं पानात राही. आणि आमच्यात रीत अशी, की नवऱ्याचं झालं की त्याच केळीच्या पानावर बायकोने जेवायचं. लग्नापासून ती तशीच जेवत आली होती. मी त्याचा कधी विचार केला नव्हता, जसा कुणी घराच्या उंबऱ्याचा करत नाही. मी पानावर खोकत होतो आणि ती त्याच पानावर बसत होती.

डॉक्टरांनी मला बजावलं होतं. "भावोजी, हा ताप उष्ट्यातून जातो. तिला वेगळं पान घ्यायला सांगा. माझं ती ऐकायची नाही."

मी हो म्हटलं. सांगायचं राहिलं. सांगायचं म्हणजे आत्यासमोर सांगायचं, आणि तापात एवढं बळ कुठलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. कण्हायला मात्र बळ पुरत होतं.

मी भिंतीला टेकून बसू लागलो आणि तिने अंथरूण धरलं.

"नवऱ्याच्या पानाने कधी कोण आजारी पडलंय?" आत्या म्हणाली. मी मान डोलावली. अजून ती मान मला आठवते.

डॉक्टर घरी आले असते, पण ही म्हणाली, "अण्णाच्या दारात एवढी माणसं असताना मी त्याला उठवून आणू? घोड्याचा जटका बोलवा." दवाखान्यात आमच्या पुढे साक्कोट्टैचा एक माणूस होता. मागे चोळपुरमची म्हातारी, खांद्यावर तापाने फणफणलेली नात. म्हातारी तमिळमध्ये म्हणाली, "सामी, पोर जळतंय, आम्हाला पुढे जाऊ द्या." ही सरकू लागली. मी तिचं कोपर धरलं. "जटकावाला थांबलाय. आपला नंबर आहे, बैस."

साक्कोट्टैच्या माणसाला गोळ्या आणि पुडी मिळाली. मग ही. डॉक्टरांचा हात पुड्यांच्या ढिगावर क्षणभर थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि बहिणीला नुसत्या गोळ्या दिल्या. त्यानंतर म्हातारीच्या नातीला पुडी. मी म्हातारीला वाट दिली असती तर पुडी माझ्या घरी आली असती, आणि त्या पोरीच्या वाट्याला आली नसती. दुकानात मी तोंडी हिशेब करण्याबद्दल प्रसिद्ध होतो. हा हिशेब मला कुठल्याच बाजूने सुटलेला नाही.

हिचा ताप हटेना. खोकला छातीत खोल उतरला. माझ्याकडे पुडी थोडी उरली होती. मी एक बेत केला, आणि माझ्या बेतांप्रमाणेच तो मला फार हुशारीचा वाटला. दुपारी ताकभातात पुडी कालवली, एक मुटका पानाच्या कडेला राखला आणि उठलो. आत्याने नेहमीप्रमाणे पान तिच्यापुढे सरकवलं. तिने घास तोंडात घातला आणि थांबली.

"ह्यात काय घातलंत?"

"मीठ."

"मीठ असं लागतं? तुमचं दुकान चाटल्यागत लागतंय."

"अगं, माझी पुडी उरली होती. घे की. कोण बघतंय?"

"अण्णा बघतोय."

"तो इथे कुठे आहे?"

"मी बरी झाले तर त्याला वाटेल, नुसत्या गोळ्यांनी झाली. मग पुडी कशाला, म्हणून पुढे तो कुणाला देणार नाही." खोकल्याने तिला थांबावं लागलं. "आणि तुम्ही पुरती घेतलीत असं तो धरून बसलाय. एका घासात दोन लबाड्या. दुकानात वजन असंच करता का हो?"

वजनात मी कधी खोट केली नाही. तिला मी तसं सांगितलंसुद्धा. तिने मुटका पानाखाली सारला आणि डोळे मिटले.

मग ती जेवायचीच थांबली. श्वास घेताना खांदे वर येऊ लागले. मला आत्याच्या नावाने हाक मारली, आत्याला माझ्या नावाने. मी दवाखान्यात धावलो.

"डॉक्टर, ती तुमची सख्खी बहीण आहे!"

"ह्या रांगेत बसलेली प्रत्येक बाई कुणाची तरी सख्खी बहीण आहे, भावोजी." बोलले ठाम, पण हातातलं बूच बाटलीच्या तोंडाला बसेना. तीनदा चुकलं. मी तसाच घरी परतलो. बोलायला माझ्याकडे तोंड होतं कुठे?

भर दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. उन्हातून चालत आले होते, छत्रीसुद्धा नाही. रांग तशीच सोडून. खिशातून पुडी काढली आणि बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं.

"ही आता माझ्या पारखण्यातून बाहेर. हिला मोजायचं नाही."

तिने डोळे किलकिले केले. "मग माझ्या जागी कोण?"

"कुणी नाही."

"तर मग तुझं अर्धवट राहील की, अण्णा."

"राहू दे. तोंड उघड."

ताप उतरला. लगेच नाही, रेंगाळत रेंगाळत. निघतो निघतो म्हणत दारात गप्पा मारत राहणाऱ्या पाहुण्यासारखा. ती उठून बसली तेव्हा मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "पुडीने उतरला ना?"

"कोण जाणे. कदाचित तो वळणाला आलाच होता." त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला. "आता हे कधीच कळायचं नाही. अर्ध्या गावाने पुड्या सारात घातल्या आणि उरलेल्या अर्ध्यातून मी बहीण पळवली. आणि आधीच का दिली नाही, हे विचारू नका."

मी ते विचारणारच नव्हतो. मला भीती होती ते काय विचारतील ह्याची. पानाचं तिला सांगितलं होतं का, एवढंच त्यांनी विचारायचं राहिलं होतं. त्यांनी विचारलं नाही. नुसतं बघितलं आणि चपला घातल्या. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ती जेवायला म्हणून पहिल्यांदा स्वयंपाकघरात आली त्या दिवशी मी जेवलो आणि स्वतःचं पान दुमडून उचललं. जन्मात कधी पान उचललं नव्हतं. साराचा ओघळ थेट धोतरावर आला.

"अरे, ती जेवायची आहे अजून!" आत्या ओरडली.

"तिला नवं पान घाल."

"का? तुझ्या पानाला काय झालं?"

सांगायचं होतं ते तेव्हाही तोंडातून सरळ निघालं नाही. "मला अजून खोकला आहे," मी म्हणालो. खोकला केव्हाच गेला होता, म्हणून जरा खोकून दाखवलं.

बायको भिंत धरून उभी होती. आधी माझ्या धोतराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे तेव्हा सुचलं असतं तर," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातून नवं पान ओढून घेऊन त्यावर पाणी शिंपडू लागली.