फुग्यामागची दुर्बीण

माघातल्या एका सकाळी बेंबळीच्या माळावर आम्ही दोघंच होतो: मी आणि वरचं वारं मोजायला हैदराबादेहून आलेला, पण बोलीनं इथल्याच मुरुम गावाकडचा वाटणारा एक सरकारी माणूस. त्याचा लिहिणारा तापानं पडला होता आणि गॅस एकाच फुग्यापुरता उरला होता. म्हणून आकडे मांडायला मी बसलो.

फुगा सुटला. दोन्ही हातांनी दुर्बिणीच्या चक्र्या हळूहळू फिरवत तो माणूस नजरेनं फुग्यामागं जात होता. डोळा जेमतेम बाजूला करून दर मिनिटाला दिशेचा कोन सांगायचा. नव्वद, पंच्याण्णव, शंभर असा वाढणारा आकडा एकदम ब्याण्णव झाला, पुढचा त्याहूनही कमी. मी गोंधळलो. माझ्या पाठीवरचं वारं तर बदललं नव्हतं.

फुगा दिसेनासा झाल्यावर मी म्हणालो, "साहेब, तुमचे शेवटचे दोन आकडे चुकले होते. मी नीट करून लिहिलेत."

"वरचं वारं तुम्हाला ठाऊक असतं तर फुगा कशाला सोडला असता? तुम्हालाच इचारलं असतं की! खरे आकडे सांगा."

ब्याण्णव आठवला. दुसरा काही केल्या आठवेना.

"आता ते कुणालाच कळायचं न्हाय," असं म्हणून त्यानं त्या खान्यात फुली मारली आणि फुलीखाली माझी सही घेतली.